जावईबापूंनी बसवलेला काटा

आमच्या घरात बोलायला अक्कल लागते असं कधीच नव्हतं. जावई असलं की पुरायचं. माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान विष्णू दाजी लग्नानंतर एका सणाला आले आणि मग राहिलेच. त्यांच्या गावाला पाणी नाही, भावाभावांत पटत नाही, नगरच्या गॅरेजचा मालक कदर करत नाही, अशी कारणं एकामागून एक येत गेली आणि प्रत्येक कारणासोबत त्यांची एकेक पिशवी आमच्या घरी येत गेली. शेवटी पाने-पकडींचा लोखंडी पेटारा आला, तेव्हा आईनं कोठ्या सरकवून जागा केली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "बरं झालं, घरात गाडीचं जाणतं माणूस आलं." गॅरेजात ते चाकं खोलायला आणि मालकाचा डबा आणायला होते, हे मला फार पुढे कळलं. मी इथं त्यांना अहो-जाहो लिहिते आहे ते सवयीनं. आदर शोधायचा असेल तर दुसरीकडे शोधा.

आमचं घर कडा गावाच्या बाहेर, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. गळीत सुरू झालं की मळीचा आंबूस वास अंथरुणापर्यंत यायचा, आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या घरघरीत आमचं बोलणं आपोआप मोठ्यानं व्हायचं. परका माणूस आला तर त्याला वाटायचं, या घरात भांडण चाललंय. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेळ्या-बोकडांचा व्यापार करायचे. जनावराच्या पाठीवर एकदा हात फिरवला की ते पोटात पाणी पाजून फुगवलंय की खरंच भरलंय, हे त्यांना कळायचं. आष्टीच्या बाजारात त्यांना कुणी फसवलं, असं मी ऐकलं नाही. पण तोच माणूस घरी आला, पाय धुतले आणि समोर जावई दिसला, की डोळे मिटून घ्यायचा. बोकडाचे दात बघणारे अण्णा जावयाच्या तोंडून निघेल ते खरं मानायचे. आमच्याकडे याला संस्कार म्हणतात.

बाजारासाठी अण्णांनी एक जुनी डिझेल जीप घेतली होती. आधीच दोन मालकांकडून उतरलेली, दारं दोरीनं बांधलेली, पण इंजिन कॉम्प्युटरवालं. मधल्या सीटवर माणसं, मागे जनावरं. एक दिवस डॅशबोर्डवर काट्यांच्या शेजारी पिवळा दिवा लागला तो विझेना. आष्टीच्या मेकॅनिकनं सांगितलं, हवेचा सेन्सर खराब झालाय, बदलावा लागेल. एवढं ऐकून दाजी असे हसले, की जणू मेकॅनिकनं इंजिनाला कावीळ झाली म्हणून सांगितलं होतं.

"अण्णा, सेन्सर म्हंजी निव्वळ चुगलखोर," ते ओट्यावर मांडी ठोकून म्हणाले. "इंजिनाची चुगली कॉम्प्युटरला करतो, कॉम्प्युटर तुमची चुगली कंपनीला करतो. लोकांनी शोरूमला खेटे घालावेत म्हणून बसवलेलं असतं हे. जुन्या गाड्यांना व्हता का सेन्सर? मंग त्या चालत न्हवत्या का?"

अण्णांनी मान डोलावली. ताईनं तर नवऱ्याकडे असं बघितलं, की मला उठून आत जावं वाटलं. दाजींनी तो सेन्सर काढला, रॉकेलमध्ये बुडवला, आईच्या दात घासायच्या ब्रशनं घासघास घासला आणि चुलीच्या कडेला पापडासारखा वाळत घातला. परत बसवल्यावर जीप थंडीतल्या म्हाताऱ्यासारखी कापायला लागली आणि दिवा होता तसाच जळत राहिला. मग दाजींनी ताईच्या पाकिटातली मोठी काळी टिकली मागून घेतली आणि त्या दिव्यावर चिकटवली. "गेला दिवा," ते म्हणाले. घरातले सगळे हसले. ताई सगळ्यात जास्त.

त्यानंतर घरातली कुठलीही वस्तू सुरक्षित राहिली नाही. कुठल्याशा नळीची गळती थांबवायला आईच्या कुकरची रबरी रिंग कापली गेली. ती बसलीही नाही आणि गळती थांबलीही नाही. आमच्या कुकरची शिट्टी मात्र बंद पडली. आई पातेल्यात डाळ शिजवायला लागली, आणि ती कडक डाळ येसराच्या आमटीत तरंगताना बघून दाजीच म्हणायचे, "सासूबाई, आज डाळ शिजली न्हाई वाटतं." आई ओशाळायची. बाजरीच्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा जास्तीचा ठेवायची. ज्यानं रिंग कापली त्याला लोणी, आणि आम्हाला कच्ची डाळ. मी एकदा पुटपुटले तर आईनं उलथनं उगारलं. "जावई हाय तो घरचा. तुला कळायचं न्हाई."

मग अण्णांचा रेडिओ गेला. तो लाकडी खोक्याचा, कोनाड्यात असायचा. पहाटे अण्णा शेरडांना पाला टाकताना त्याच्यावर भजनं लागायची, आणि मी अर्धवट झोपेत भजन आणि करडांचं ओरडणं असं मिसळलेलं ऐकायची. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला, असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. एका दुपारी कॉलेजातून आले तर रेडिओ उताणा पडला होता, मागचं झाकण काढून, आणि दाजी त्याच्या पोटातून रंगीत पट्ट्यांचे बारीक तुकडे उपटत होते. रेझिस्टर. ते मला समजावून सांगायला लागले, कारण न विचारता समजावून सांगणं हा त्यांचा एकमेव धंदा होता.

"हे बघ मंगे, इंजिनात पाण्याच्या गरमीचा एक सेन्सर असतो. इंजिन गार असलं की कॉम्प्युटर डिझेल जास्त सोडतो. आपण सेन्सर काढायचा आन् त्याच्या जागी हे लावायचं. कॉम्प्युटरला वाटणार, इंजिन कायम गार. पिकअप अशी सुटंल की विचारू नको!"

"आन् खरंच गरम झालं तर कसं कळायचं?"

"गरम होतंच कावून? मी हाय ना."

एवढंच त्यांचं शास्त्र. मी हाय ना. आजही भाचा मला मोबाईलवर असले व्हिडिओ पाठवतो: घरच्या घरी सेन्सर बायपास करा, जुन्या गाडीला नवी ताकद द्या. त्यांत बोलणारा माणूस कुठल्याही गावचा असो, मला त्याच्या तोंडून दाजीच ऐकू येतात. स्वतःच्या हातानं गाडी दुरुस्त करणाऱ्यांची मी टिंगल करत नाही. माझ्या गाडीचं किरकोळ काम मीही करते. पण ज्याला दुरुस्ती जमत नाही तो सुधारणा करायला घेतो, एवढं मात्र मी त्या अंगणात शिकले.

रेझिस्टर बसला. जीपच्या मागे काळा धूर निघायला लागला आणि दाजी तो धूर कौतुकानं दाखवायचे, जणू त्यांनीच कारखान्याचं धुराडं उभं केलं होतं. गरमीचा काटा थोडा वर चढून एका जागी जो थांबला तो थांबलाच. सकाळ असो, भर उन्हातला बाजार असो, काटा हलेना. आता कॉम्प्युटरलाच इंजिन गार वाटत होतं, तर तो पंखा कशाला चालू करेल? तेव्हा दाजींनी पंख्याला बॅटरीवरून वेगळी वायर ओढली आणि स्टेअरिंगशेजारी घरातल्या दिव्याचं पांढरं बटण बसवलं. पंखा आता चालवणाऱ्याच्या मर्जीवर. "चढाला बंद करायचा," ते म्हणाले. "पंखा ताकद खातो." अण्णांनी त्या बटणाकडे बघितलं, दाजींकडे बघितलं, आणि म्हणाले, "डोकं हाय बुवा तुमाला."

उन्हाळ्यात बीडजवळ पालीला मावशीच्या घरी जागरण होतं. जेवणासाठी दोन बोकडं अण्णांकडूनच जायची होती. आईनं आदल्या दिवशी धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, दही मडक्यात बांधून घेतलं. दाजी चालवायला, शेजारी अण्णा, मधल्या सीटवर आई, ताई आणि मी, मागं दोन बोकडं. निघताना दाजींनी नवा शर्ट घातला होता. वाटेत एकेका जुन्या गाडीला मागे टाकत ते आरशातून ताईकडे बघायचे, आणि ताई लाजून खिडकीबाहेर बघायची.

चढ लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दाजींनी बटण दाबून पंखा बंद केला. थोड्या वेळानं मला वास आला, गोडसर आणि करपट, गुळाचा पाक बुडाला लागल्यासारखा. पायाखालचा पत्रा चपलेतून भाजायला लागला.

"दाजी, कसला तरी वास येतोय. गाडी गरम झाली."

"काटा बघ ना बे!" दाजी म्हणाले. मला बे म्हणायचे ते, चिडले की. "काटा कुठंय? गारच हाय. गरम झाली म्हणं. बॉनेट उन्हानं तापलंय."

पुढच्या वळणावर जीपनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. उतरून बॉनेट उघडलं. हात ठेववत नव्हता, तरी दाजींचं निदान तयार होतं: डिझेलच्या नळीत हवा धरली. ते खाली वाकून नळी चाचपायला लागले आणि वर न बघताच म्हणाले, "अण्णा, तवर रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघा बरं."

"गरम नसंल ना?" अण्णांनी विचारलं.

"काटा गार दावतोय की! उघडा बिनधास्त."

ज्या माणसानं स्वतःच्या हातानं तो काटा खोटा केला होता, रेडिओ फाडून, सेन्सर काढून, तोच माणूस अडचणीच्या वेळी त्या काट्याची साक्ष काढत होता. मूर्ख माणसं दुसऱ्याला फसवतात हे मला माहीत होतं. आपण केलेल्या फसवणुकीला आपणच आधी बळी पडायचं, हा प्रकार मी तिथं पहिल्यांदा बघितला. मी "नको, अण्णा" म्हणाले. मला ते आजही आठवतं, कारण दाजींनी नळीवरची नजर काढून माझ्याकडे रागानं बघितलं होतं. अण्णांनी खांद्यावरचा पंचा झाकणावर टाकला आणि पिळा दिला.

झाकण उडालं. उकळतं पाणी आणि वाफ एकदम माणसाच्या उंचीला गेली. अण्णांनी मान वळवली म्हणून डोळे वाचले. उजवा हात कोपरापर्यंत, गळा आणि छातीची एक बाजू भाजली. ते ओरडले नाहीत. "अगं आई" एवढंच म्हणाले, बारीक आवाजात, आणि रस्त्याच्या कडेला खाली बसले. शर्ट अंगाला चिकटला होता. आई किंचाळत होती. दाजी हातात पाना घेऊन उभे होते, आणि त्या क्षणी त्या हुशार माणसाला काय सुचावं? "ग्रीस लावू का?" ते म्हणाले. "थंड पडतं."

मागून मोसंबीनं भरलेला एक टेम्पो येत होता. चालवणारे आष्टीचे रशीदचाचा, फळांचे व्यापारी. अण्णांना बाजारात ओळखायचे. त्यांनी टेम्पो मधेच उभा केला, पाण्याचा कॅन काढला आणि माझ्या हातात दिला. "वत बेटा, हळू वत. थांबू नको. आन् ग्रीस-बीस काय लावायचं न्हाई." मी ओतत राहिले. ताईनं अण्णांचं डोकं मांडीवर धरलं होतं. ती रडत नव्हती. ती एकटक दाजींकडे बघत होती, आणि ते बघणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

टेम्पोतून आम्ही अण्णांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. शर्ट कापता कापता त्यांनी विचारलं, हे कसं झालं. कुणी तोंड उघडायच्या आत दाजी पुढे झाले.

"अण्णांनी घाई केली, साहेब. मी नको नको म्हणत व्हतो. जुनी माणसं, ऐकत न्हाईत."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. पण त्याहून वाईट पुढेच होतं. पलंगावर पडलेले अण्णा, कातडी सोलवटलेली, ओठ कोरडे, ते म्हणाले, "व्हय. माझीच घाई झाली."

जावयाचा मान राखत होते ते. अंगावर कातडी राहिली नव्हती, पण मान राखत होते. आईनं पदर तोंडाला लावला. आणि मग ताई बोलली. आवाज चढवला नाही तिनं; भाजी निवडताना बोलावं तशी बोलली.

"खोटं बोलतायत हे. ह्येंनीच उघडा म्हणून सांगितलं. काटा गार हाय म्हणाले. मंगी नको म्हणत व्हती. आन् अण्णाबी खोटं बोलतायत, ह्येंना झाकायला."

वॉर्डातल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. दाजींचा चेहरा पडला, मग लाल झाला. "चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडती? बाहेर चल, सांगतो तुला." ताई जागची हलली नाही. तेव्हा ते एकटेच बाहेर गेले. आम्हाला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. संध्याकाळी रशीदचाचांनी सांगितलं, तुमचे पाहुणे स्टँडवर एसटीत बसताना दिसले. सासरा दवाखान्यात, जीप चढावर उभी, मागे दोन बोकडं तहानलेली, आणि हा गृहस्थ रुसून आपल्या गावाला गेला. आई त्या रात्री रडली खूप. मला वाटलं अण्णांसाठी रडते. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "जावई उपाशी गेलं गं. धपाटे तसेच राहिले."

अण्णा घरी आले. ताई रोज त्यांच्या जखमा धुवायची, मलमाची पट्टी बदलायची. पट्टी सुटताना अण्णा छताकडे बघत बाजारातल्या गप्पा सांगायचे आणि कळ आली की अर्ध्यावर सोडायचे. ताई त्यांना बोलत ठेवायची. "मंग त्या बोकडाचं काय झालं, अण्णा?" त्या दिवसांत मी तिच्याशी खरी बोलायला लागले. त्याआधी मला ती नुसती दाजींची बायको वाटायची, आणि त्याबद्दल मी तिला मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली होती.

मग निरोप आला, आणि निरोपाच्या मागून दाजींचे चुलते आले, सोबत त्यांच्या गावचे एक फेटेवाले वडीलधारे. ओट्यावर घोंगडी अंथरली गेली. मागणी साधी होती: सुमननं नवऱ्याच्या पाया पडून चूक झाली म्हणावं, म्हणजे तो परत येईल. नाही तर बघून घ्यावं. पाहुण्यांनी आधी आईच्या हातचे शेंगोळे पोटभर खाल्ले, तूप मागून घेतलं, आणि मग न्यायाला बसले. फेटेवाले ढेकर देऊन म्हणाले, "पोरी, नवऱ्याची इज्जत बाईच्या हातात असती."

ताई दाराच्या चौकटीत उभी होती. "असंल," ती म्हणाली. "आन् अण्णांची कातडी कुणाच्या हातात व्हती?"

"असं तोंड वर करून बोलू नये. बापानंच सांगितलं ना दवाखान्यात, माझी घाई झाली म्हणून? मंग तू कोण मधी बोलणार?"

सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, अंगात सदरा घालता येत नव्हता म्हणून नुसती चादर पांघरून. मला माहीत होतं ते काय करतील. ते मान खाली घालतील, पाहुण्यांपुढे हात जोडतील, आणि ताईला म्हणतील, जाऊ दे सुमे, टाक म्हणून. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं चादर खाली सरकवली. गळ्यापासून छातीपर्यंतची ओली, गुलाबी जागा सगळ्यांच्या समोर आली. फेटेवाल्यांनी नजर वळवली.

"इकडं बघा पाव्हणं," अण्णा म्हणाले. "मी खोटं बोललो दवाखान्यात. पोरगी खरं बोलली. पाया पडायचं आसंल तर मीच पडतो, तिच्या."

पाहुणे पान न खाताच उठले. आईसुद्धा त्या दिवशी त्यांना दारापर्यंत सोडायला गेली नाही. ती आत भांडी वाजवत होती, नेहमीपेक्षा बरीच जोरात.

जीप तोवर चढावरून ओढून आष्टीला नेलेली होती. मेकॅनिकनं इंजिन खोललं, नवे सेन्सर बसवले, रेझिस्टर आणि पांढरं बटण काढून कचऱ्यात टाकलं आणि "हे कुणी केलं बे?" असं विचारून स्वतःच हसला. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटेनात, स्टेअरिंग धरवेना. मग ताईच गाडी शिकली. अण्णा शेजारी बसून सांगायचे, ती बांधाबांधानं चालवायची, आणि पावसाळा संपेपर्यंत ती बोकडं भरून आष्टीच्या बाजाराला जायला लागली. लोक बोलले. लोकांना बोलायला काय, तोंड तर फुकट मिळतं.

दाजी आले ते त्यानंतर, एका बाजाराच्या दिवशी, सकाळी. कुणी बोलावलं नव्हतं. दाढी वाढलेली, हातात एकच पिशवी. भावांनी ठेवून घेतलं नसणार, एवढं त्या पिशवीकडे बघूनच कळत होतं. ताई जीप सुरू करून अण्णांची वाट बघत बसली होती. तिनं त्यांना पाहिलं आणि नजर परत रस्त्याकडे लावली. माफी मागणं नाही, अण्णांची चौकशी नाही; दाजींनी अंगणात पाय टाकला आणि इंजिनाकडे कान केला.

"आवाज जरा येगळा येतोय," ते म्हणाले आणि बॉनेटकडे हात नेला. "बघू?"

अण्णा ओट्यावरून उतरत होते. ते थांबले. रागावले नाहीत. पाहुण्याला बोलावं त्याच मऊ आवाजात म्हणाले, "या, जावईबापू. बसा. घर तुमचंच हाय. गाडीला मात्र हात लावायचा न्हाई."

आणि ते ताईच्या शेजारी चढून बसले. ताईनं गाडी काढली. दाजी ओट्यावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "मंगे, चहा हाय का?" मी दिला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, आणि साखर कमी आहे म्हणाले.